खूण वर चढत नाही

राहीबाईच्या दारावर थाप मारली की कडी निघायच्या आधी आतून प्रश्न यायचे. कोण? कशाला? कुणी धाडलं? तिन्हींची उत्तरं पटली तर दार उघडे, तेही अर्धं. उरलेलं अर्धं ती खांद्यानं धरून ठेवी. न जाणो, लावून घ्यायची वेळ आली तर!

माळशेत हे आगरदांड्याच्या धक्क्यापासून आत, डोंगराच्या कुशीतलं कुणब्यांचं गाव. सगळ्यांची भातशेती, सगळ्यांची एकमेकांशी सोयरीक. त्यामुळे कुणावर अविश्वास दाखवायचा तर तो पाठीमागे, अशी तिथली रीत. राही तोंडावर दाखवी. शेजारच्या कृष्णाबाईनं वाटीभर सुकटीचं कालवण आणलं की ही वाटी नाकाशी नेऊन विचारी, "उरलंय म्हणून देतेस का नासलंय म्हणून?"

"विष घातलंय मेल्ये, खा आणि मर," कृष्णाबाई म्हणे.

मग राही खाई. एवढं स्पष्ट बोलणारी बाई विष घालायची नाही, असा तिचा हिशोब.

हा स्वभाव तिनं आईच्या पोटातून आणला नव्हता. लग्न होऊन ती खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूला गेली होती. नवरा लवकर गेला. दिरांनी "जपून ठेवतो वैनी" म्हणून तिच्या पाटल्या ठेवून घेतल्या. अजून जपतायत. इकडे माहेरी मानमोडीची साथ आली आणि बाप बुधाजी हां हां म्हणता गेला. मागं आई मनुबाई आणि दहा वर्षांचा येसू. आईचा कुणी चुलतभाऊ मुंबईहून उगवला, पोराला गिरणीत चिकटवतो म्हणाला, आगबोटीत घालून घेऊन गेला, आणि पुढच्या शिमग्याला एकटाच परत आला. काय तर म्हणे, भाऊच्या धक्क्यावर गर्दीत हात सुटला. हात सुटला! पोर म्हणजे काय छत्री आहे? मनुबाईनं दारात बसून वाट पाहिली आणि वाट पाहतापाहताच डोळे मिटले. तोवर राही रिकाम्या हातांनी माहेरी परतली होती. घर, भाताचं शेत आणि परसातला फणस, एवढं तिच्याकडे आलं.

आलं म्हणजे काय, कुणी हरकत घेतली नाही. त्या काळी बापाच्या जमिनीवर लेकीचा हक्क नसे. बुधाजीला मुलगा होता तो हरवला, म्हणून लेक कसत होती. मुलगा परत आला तर चुलीसकट सगळं त्याचं. दिरांनी एकदा उंबऱ्याबाहेर काढलेल्या बाईला दुसऱ्यांदा कुठं जायचं, हा प्रश्न होता. राही तो स्वतःला विचारत नसे, पण विसरतही नसे.

आणि चौतीस साली गिरण्यांचा मोठा संप मोडला त्याच्या पुढच्या वर्षी, ऐन चैत्रात, दारावर थाप पडली.

"कोण?"

"मी येसू."

"कुठला येसू?"

"इथलाच. बुधाजीचा."

"कशाला?"

स्वतःच्या घरी कशाला आलास असं विचारल्यावर कुणाला काय सुचेल? "ऐसाच," तो म्हणाला.

राहीनं काढायला घेतलेली कडी पुन्हा घातली. बुधाजीचा मुलगा, आणि "ऐसाच" म्हणतो!

माणूस सत्तावीस-अठ्ठावीसचा दिसत होता. डोक्याला काळी टोपी, अंगात कोपरावर फाटलेला सदरा, बोलण्यात मुंबई. तो मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर उतरला. गाव त्याला पाहून आलं. कुणी म्हणालं नाक बुधाजीचं आहे, कुणी म्हणालं नाक कुणाचंही असू शकतं. राहीनं मात्र त्याला रोज दारापुढे बोलावून तपासणी सुरू केली. ती आत, तो अंगणात.

"आपल्या बैलांची नावं सांग."

"ढवळ्या. आणि दुसरा शिंगमोड्या. त्याचं डावं शिंग अर्धं होतं."

बरोबर होतं. राहीच्या कपाळाला आठी पडली. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगंल? मीच त्यांना चरायला नेत होतो."

"आमच्या आयच्या कपाळावर काय गोंदलेलं होतं?"

"न्हाय आठवत."

"बघा गो बायांनो! बैलाचं शिंग आठवतं आणि आयचं कपाळ आठवत न्हाय!"

बायका हसल्या. आता दहा वर्षांच्या पोराला दुसरं काय आठवणार? पोरं आईच्या कपाळाकडे बघत नाहीत, बैलाच्या शिंगाकडे बघतात. पण राहीचं शास्त्र पक्कं होतं. चुकला तर खोटा, आणि बरोबर सांगितलं तर कुणीतरी पढवलेला. त्या शास्त्रातून सुटायला वाट नव्हती.

शेवटी कोंडाजीतात्यानं मनावर घेतलं. हा भावकीतला वडीलधारा. पोट पुढे, आवाज मोठा. गावकीत त्याचा शब्द शेवटचा, कारण तो संपेपर्यंत बाकीचे कंटाळून गप्प झालेले असत. त्यानं राहीच्या परसात बैठक बसवली आणि त्या माणसाला विचारलं, "बोलणं पुरं. घरात, शेतात तुझ्या हातची, नायतर तुझ्यापायी कुणी केलेली एखादी खूण हाय काय?"

माणसाचा चेहरा उजळला. "हाय! या फणसावर हाय. मानमोडीच्या आधीच्या शिमग्याला बाबानं मला झाडाला पाठ लावून उभा केला. डोक्यावर कोयता आडवा धरला आन् सालीवर दोन रेघा मारल्या. म्हणाला, पुढल्या शिमग्याला बघू कोण जास्त वाढतंय, तू का फणस."

राही तेव्हा सासरी होती. तिला यातलं ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी माना वर केल्या. तो माणूसही मान वर करून फांद्यांच्या बेचक्यापाशी शोधू लागला. वर काही दिसेना. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की बुंध्यावर तर राहीबाई शेणी थापते, खाली बघायला नको का? शेणी उपटल्या. खराट्यानं बुंधा घासला. आणि राहीच्या हनुवटीच्या उंचीवर, दहा वर्षांच्या पोराचा माथा लागेल तिथं, दोन आडव्या रेघा निघाल्या.

मग कोंडाजी पोट धरून हसायला लागला.

"येसाजीराव, तुम्ही मुंबैला गेलात तवा हा फणस केवढा होता?"

"कौलांच्या जरा वर."

"आन् आता?"

आता फणस घराच्या दुप्पट होता. कावळ्याची घरटी वर कुठं आहेत ते खालून दिसत नव्हतं.

"झाड तेवढं वर गेलं आन् खूण बसली इथंच? तुझी वाट बघत थांबली व्हय रं? अरे, खोटी खूण करायची तर जरा शिडी तरी लावायची!"

सगळं परस हसलं. त्या माणसानं रेघांवरून हात फिरवला. "मलाबी वाटलं वरच असंल," तो म्हणाला. "पर हीच हाय ती."

सगळ्यांना तसंच वाटत होतं, तेव्हा कुणाला दोष द्यायचा! झाड वाढतं म्हणजे पोरासारखं, ताणल्यासारखं वाढतं, अशीच लोकांची समजूत असते. भली शिकलेली माणसंही शपथेवर सांगतील की लहानपणी खोडावर कोरलेलं नाव आता हाताला लागत नसेल. जाऊन कोणी बघत नाही.

राही मात्र पुढे होऊन बघत होती. तिला दिसलं ते असं. बोटभर लांबीच्या मारलेल्या रेघा आता वीतभर रुंद पसरल्या होत्या. त्यांच्या कडा दोन्हीकडून फुगून आत वळलेल्या, जुन्या जखमेच्या ओठांसारख्या. नवा घाव असता तर फणसानं पांढरा चीक ओकला असता. तिनं नख लावून पाहिलं. कोरडं, टणक. हे तिनं पाहिलं, आणि पदरानं नख पुसून मागं सरली. तोंडातून शब्द काढला नाही. घर वाचत होतं.

कोंडाजीनं निकाल दिला. हा बुधाजीचा मुलगा नव्हे. उद्याची आगबोट धरावी आणि तोंड काळं करावं. माणूस उठून देवळाकडे गेला. भांडला असता तर बरं झालं असतं, असं राहीला उगीच वाटलं.

दिवेलागणीला कोंडाजी तिच्या ओटीवर टेकला. पान जुळवतजुळवत म्हणाला, "आता निवांत ऱ्हा राही. घर तुझं, शेत तुझं. तू असेपर्यंत कोण तुला हात लावतो बघतो मी."

"असेपर्यंत म्हणजे?"

"म्हणजे असेपर्यंत."

"आणि मग?"

"मग काय, भावकी हाय ना." कोंडाजीनं पान तोंडात टाकलं आणि जिना उतरावा तसा सावकाश ओटी उतरून गेला.

झालं. दुसरी बाई झोपी गेली असती. राहीच्या डोक्यात मात्र ते "असेपर्यंत" कुसळासारखं रुतलं. भावकी म्हणजे कोण? कोंडाजी आणि कोंडाजीचे मुलगे. बुधाजीला वारस नसला तर तिच्या मागं शेत त्यांच्या घरात जाणार. म्हणजे मुलगा खोटा निघण्यात तिचा फायदा तिच्या जन्मापुरता, आणि कोंडाजीचा कायमचा. या माणसानं आजवर तिची बाजू कधी घेतली होती? तिचा बांध कुणी कोरला तेव्हा? पाण्याची पाळी चुकवली तेव्हा? मग आजच एवढा कैवार कुठून आला? आयुष्यभर तिनं विरोधात बोलणाऱ्यांवर संशय घेतला होता. आपल्या बाजूनं बोलणाऱ्यावर घ्यायचं राहून गेलं होतं.

सकाळी ती काटे घेऊन फणसाकडे गेली. बुंध्याला अगदी खाली एक फणस लागे, त्याला कोल्हे सोडत नसत. म्हणून त्याच्याभोवती दरसाल काट्यांचं कुंपण घालावं लागे. ती वाकली, काटे रोवले, आणि वाकल्यावाकल्याच थबकली.

हा खालचा फणस तिचा होता. झाडानं पहिलं फळ धरलं ते याच गाठीवर. ती तेव्हा परकर नेसणारी पोर होती आणि फणसाचा देठ तिच्या कमरेशी होता. त्याला मिठी मारून ती "हा माझा, हा माझा" म्हणून नाचली होती, आणि अंगभर चिकानं माखली म्हणून आईनं तेल लावून लावून तो काढला होता. त्यानंतर दर वर्षी फणस त्याच गाठीवर आला. गाठ मुठीएवढी होती, ती आता नारळाएवढी जाड झाली. पण होती तिथंच. आज तिच्या गुडघ्याच्या जरा वर.

कोंडाजीच्या म्हणण्याप्रमाणे खूण वर चढायची तर ही गाठही चढायला हवी होती. हा फणस तिला आज काठीनं पाडावा लागला असता. उलट तिला वाकावं लागत होतं. म्हणजे झाड काय जमिनीत बुडालं? नाही. वाढली होती ती स्वतः. गाठ जागची हलली नव्हती.

झाडाची उंची वाढते ती फक्त शेंड्याला, कोंबांच्या टोकांशी. तिथं नवं पेर निघतं, ते एकदा लांबून टणक झालं की पुन्हा तसूभर लांबत नाही. त्यानंतर खोड वाढतं ते जाडीनं. सालीखाली ओलसर, निसरडा असा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड घालत जातो आणि बाहेरच्या बाजूला साल. म्हणून खोडावरची रेघ वर जात नाही, आडवी ताणते, आणि घावाच्या कडा त्याच थरातून फुगून घाव मिटवायला निघतात. राहीला यातलं काही कुणी शिकवलं नव्हतं. तिच्याकडे एक कंबर होती आणि एक गुडघा, तेवढ्यावर तिनं ताडलं.

सवयीप्रमाणे तिला स्वतःचाच संशय आला. हे मला आत्ताच कसं दिसलं? कोंडाजीचा राग आला म्हणून? का एकटीला घर खायला उठतं म्हणून मला कुणीतरी हवंच आहे, आणि मी झाडाकडून वदवून घेत्येय? तिनं स्वतःची उलटतपासणी घेतली. पण काल नख लावून पाहिलं होतं ते तर रागाच्या आधीचं होतं. चीक आला नव्हता. आपण गप्प बसलो होतो. या एका साक्षीदाराला पढवलेला म्हणायची सोय नव्हती.

देवळाच्या ओट्यावर तो माणूस वळकटी बांधत होता. राही समोर उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून.

"आयच्या कपाळावर तुळस गोंदलेली होती," ती म्हणाली. "आता कुणी विचारलं तर सांग."

"तुझ्याबिगर विचारतंय कोण, बाय?"

लहानपणी तो तिला बायच म्हणे. अर्थात, मोठ्या बहिणीला गावातली निम्मी पोरं बायच म्हणतात, हेही तिच्या मनात येऊन गेलंच.

"चल घरी. भात शिजलाय. आणि ध्यानात ठेव, मला घराबाहेर काढायचं मनात असलं तर आत्ताच बोल. नंतर गोड बोलून नको."

"तुला काढून जेवू कुणाच्या हातचं? मला नुसता चाय येतो करायला."

हे उत्तर तिला बऱ्यापैकी प्रामाणिक वाटलं.

पण गोष्ट घरापुरती थोडीच होती! संध्याकाळी कोंडाजी चारचौघांना घेऊन अंगणात हजर. "गावानं ठरवलं हा भाऊ न्हाय. मग भाऊ न्हाय त्या बाप्याला विधवा बाईनं घरात घेतला, याला काय म्हणायचं? वाळीत पडशील. आवणीला तुझ्या शेतात रोपं लावायला एक माणूस उतरणार न्हाय."

"बुधाजीचा मुलगा हाय तो. खूण वर चढत न्हाय, तात्या. झाड चढतं."

"झाड चढतं आन् खूण न्हाय? खूण काय हवेत हाय?"

"मग कर तुझी खूण. तुझ्या हातानं, तुझ्या कोयत्यानं, तुझ्या खांद्याशी. दरसाल येऊन बघ. चढली तर मी याला घालवते आणि मीपण जाते. तोवर गावानं तोंड मिटायचं."

कोंडाजीला स्वतःच्या डोळ्यांवर फार भरवसा. शिवाय शर्त नाकारली तर घाबरला म्हणतील. त्यानं ताठ उभं राहून खांद्याला टेकेल अशी फुली मारली. पांढरा चीक ओघळला. "बघा, असा निघतो ताज्या घावातून," राही मोठ्यानं म्हणाली. ऐकलं सगळ्यांनी. समजलं फक्त कृष्णाबाईला, आणि तिनं ते दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या बायकांना समजावलं. त्यामुळे आवणीला माणसं उतरली, निदान बायका तरी.

पुढच्या शिमग्याला कोंडाजी आला, झाडाला खांदा लावला. फुली जागच्या जागी. "एका वर्षात काय कळतंय," म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षीही जागच्या जागी. तेव्हा त्यानं फुली निरखून जाहीर केलं की राही रात्री उठून जुनी फुली बुजवते आणि खाली नवी मारते.

"मग जुनी दाखव की कुठं बुजवली ती!"

"तीच तर तुझी हुशारी!"

दोघांचं जमलं होतं म्हणायचं. गावात दोनच माणसं एकमेकांवर इतका मनापासून अविश्वास ठेवीत.

येसू राहिला. त्याचं लग्न झालं. नलू नावाची बायको आली, तिला एक मुलगी झाली. राही अजूनही अधूनमधून ताट वाढतावाढता विचारी, "ढवळ्या मेला तो कशानं?" आणि उत्तर ऐकून नुसती हं म्हणे. चुलीपाशी तीच बसे. तिला कुणी उठवलं नाही, आणि का उठवत नाहीत याचाही तिला थोडा संशय होताच.

मग एका पावसाच्या तोंडावर कोंडाजी पेंढ्याच्या उडवीवरून घसरून पडला. हाडं शाबूत राहिली, पण पाठ वाकली ती सरळ झालीच नाही. पुढच्या शिमग्याला त्याला येणं जमलं नाही. तो आला ज्येष्ठाच्या शेवटाला, काठी टेकत, वाकलेला. फणसाला खांदा लावला आणि वळून पाहिलं. फुली त्याच्या कानाच्या वर होती.

"चढली!" म्हातारा ओरडला. "चढली गो राही! खांद्याला मारली होती, बघ कुठं गेली! मी सांगत होतो का न्हाय?"

कृष्णाबाई कुंपणापलीकडून खोखो हसायला लागली. "अहो तात्या, फुली न्हाय..."

"तू गप," राहीनं तिला दटावलं.

तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. चेहरा पोरासारखा फुलला होता. एवढा खूश तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. आणि हा काय पुढल्या वर्षी ताठ होऊन येणार होता थोडाच! समोर शेतात येसू आणि नलू गुडघाभर चिखलात राबाची रोपं उपटत होते. पोरगी बांधावर बसून ओरडत होती.

"चढली खरी," राही म्हणाली.

"मग? शर्त काय होती? हा तुझा भाऊ न्हाय!"

"न्हाय तर न्हाय."

"मग घालवून दे त्याला."

"देते की. आवणी होऊ दे."

कोंडाजीनं शेताकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि मान डोलावली. आवणीला माणूस लागतो, हे त्यालाही पटलं.